तिसरा ब्रेकदिवा : मागून येणाऱ्यास वेळेवर मिळणारी सूचना

वाहन चालविणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणेच समोर असते. समोरचा खड्डा, समोरचे वळण, समोरून येणारी मालमोटार यांची तो काळजी घेतो. पण त्याच्या पाठीमागेही एक वाहन धावत असते, आणि त्या वाहनाच्या चालकाला आपल्या पुढील वाहनाच्या मनात काय आहे हे कळण्याचे साधन फारच थोडे असते. हाक मारून सांगता येत नाही. हाताची खूण बंद काचेच्या मोटारीत नाहीशीच झाली आहे. उरतो तो ब्रेक दाबताच पेटणारा तांबडा दिवा. “मी वेग कमी करीत आहे, सावध राहा” हा संदेश मागच्या चालकाला देणारे ते एकमेव साधन होय. हा संदेश किती लवकर आणि किती स्पष्टपणे पोहोचतो यावर अनेकदा माणसांचे प्राण अवलंबून असतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. धडकेच्या प्रकारांनुसार पाहिले तर पाठीमागून बसलेल्या धडकेचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे एकूण अपघातांच्या सुमारे एक पंचमांश, होता. या प्रकारच्या अपघाताला आळा घालण्यासाठी जगात जे उपाय शोधले गेले, त्यांत मोटारीच्या मागील काचेजवळ मध्यभागी बसविलेला तिसरा ब्रेकदिवा हा सर्वांत साधा आणि सर्वांत स्वस्त उपाय ठरला. तो कसा जन्मास आला, त्याने नेमके काय साधले, तो उघडझाप करणारा असावा की स्थिर, आणि वाहनधारकाने तो बसविताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका सेकंदाचा हिशेब

धोका दिसणे आणि गाडी थांबणे या दोन घटनांमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात चालकाचा डोळा पाहतो, मेंदू अर्थ लावतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर येतो. या काळाला प्रतिक्रियाकाल म्हणतात. सावध चालकालाही यासाठी साधारणपणे एक ते दीड सेकंद लागतो, आणि त्या अवधीत गाडी मूळ वेगानेच धावत असते. दुसऱ्या टप्प्यात ब्रेक आपले काम करतात.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. प्रतिक्रियाकाल एक सेकंद धरला आणि ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो असे मानले, तर ब्रेक लागल्यानंतर तिला थांबण्यास ४० मीटर लागतील. म्हणजे धोका दिसल्यापासून एकूण ६० मीटर. हाच वेग ताशी ९० किलोमीटर असेल तर प्रतिक्रियेत २५ मीटर आणि ब्रेकमध्ये ६२.५ मीटर, असे एकूण ८७.५ मीटर अंतर लागेल. वेग सव्वापट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दीडपट झाले. ओल्या रस्त्यावर ते याहूनही वाढते.

आता दोन मोटारी एकामागोमाग ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहेत आणि त्यांच्यामध्ये १५ मीटर अंतर आहे असे समजू. पुढच्या चालकाने जोराने ब्रेक दाबला. मागच्याने एका सेकंदानंतर तितक्याच जोराने ब्रेक दाबला. दोघांचे ब्रेक सारखेच चांगले असले तरी मागच्याला २० मीटर अंतर जास्त लागणार, आणि त्याच्यापाशी आहे फक्त १५ मीटर. त्यामुळे धडक अटळ आहे, आणि ती एकमेकांच्या तुलनेत ताशी १८ किलोमीटर वेगाने बसेल. पण त्याच चालकाला इशारा ०.३ सेकंद आधी उमगला असता, तर त्याला १४ मीटरच जास्त लागले असते, आणि त्याची मोटार पुढच्या मोटारीपासून एक मीटर अलीकडे थांबली असती. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असलेला हा अवधी धडक आणि सुटका यांमधील अंतर ठरवितो. तिसऱ्या ब्रेकदिव्याचे सारे महत्त्व या लहानशा अवधीत सामावलेले आहे.

दोन दिवे असता तिसरा कशासाठी?

मोटारीच्या मागे डावीकडे व उजवीकडे ब्रेकचे दिवे असतातच. मग तिसऱ्याची गरज काय, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर त्या दोन दिव्यांच्या जागेत आणि रंगात आहे.

रात्री हेडलाइट लावले की मागील तांबडे दिवेही लागतात. ब्रेकचा दिवाही तांबडा, आणि तो बहुधा त्याच कोंदणात असतो. त्यामुळे रात्री ब्रेक दाबल्यावर मागच्या चालकाला नवा दिवा दिसत नाही. असलेलाच दिवा अधिक उजळ झालेला दिसतो. मंद तांबडा आणि प्रखर तांबडा यांतील फरक ओळखण्यास मेंदूला वेळ लागतो. काचेवर चिखल बसला असेल, दिवा जुना झाला असेल किंवा पाऊस पडत असेल, तर हा फरक आणखी पुसट होतो. शिवाय त्याच कोपऱ्यात वळणाचा इंडिकेटरही उघडझाप करीत असतो. एकाच जागी तीन प्रकारच्या सूचनांची गर्दी होते.

मध्यभागी, उंचावर असलेला तिसरा दिवा मात्र फक्त ब्रेक दाबल्यावरच लागतो. इतर वेळी तो पूर्ण विझलेला असतो. “नव्हता” आणि “आहे” यांतील फरक डोळ्याला क्षणात कळतो. तिन्ही दिवे मिळून एक त्रिकोण तयार होतो, आणि दोन दिव्यांच्या ओळीपेक्षा ही आकृती निराळी दिसते. तिसरा लाभ उंचीचा आहे. हा दिवा मागच्या चालकाच्या नजरेच्या रेषेजवळ येतो. रांगेत तीन मोटारी असतील, तर तिसऱ्या मोटारीच्या चालकाला मधल्या मोटारीच्या काचांतून पहिल्या मोटारीचा उंच दिवा दिसू शकतो. मधला चालक ब्रेक दाबेपर्यंत त्याला थांबावे लागत नाही. एका मोटारीआडूनही त्याला सूचना मिळते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे अशी अट आहे. काचेला काळी फीत चिकटविणारा वाहनधारक स्वतःबरोबर आपल्या मागील वाहनाची दृष्टीही अडवितो, हे यावरून ध्यानात येईल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सी

या विचाराला प्रयोगाचा आधार देण्याचे श्रेय जॉन व्होएवोडस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरातील ३४३ टॅक्सींच्या मागील बाजूस एक जादा दिवा बसविला आणि १६० टॅक्सी तशाच ठेवल्या. कोणत्या चालकाला कोणती टॅक्सी मिळावी हे नेहमीच्या वाटपातून, निवड न करता ठरत असे. त्यामुळे सावध चालक एका गटात आणि बेफिकीर चालक दुसऱ्या गटात, असा दोष प्रयोगात शिरला नाही. दहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा जादा दिव्याच्या टॅक्सींना पाठीमागून बसलेल्या धडकांचे प्रमाण ६०.६ टक्क्यांनी कमी आढळले. चालकांना होणाऱ्या दुखापती व दुरुस्तीचा खर्च यांतही जवळजवळ तितकीच घट दिसून आली. हे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. व्होएवोडस्की यांचा दिवा आजच्यासारखा तांबडा व स्थिर नव्हता. तो पिवळसर-नारिंगी रंगाचा होता आणि उघडझाप करीत असे. उघडझाप करण्याचा त्याचा वेग गाडीचा वेग ज्या दराने कमी होई त्यावर अवलंबून होता. चालकाने ब्रेक हलकेच दाबला तर दिवा संथपणे लुकलुके, करकचून दाबला तर झपाट्याने. “मी थांबत आहे” एवढेच न सांगता “मी किती घाईने थांबत आहे” हेही तो सांगत असे. म्हणजे उघडझाप करणारा तिसरा दिवा ही कल्पना अलीकडची नसून तिसऱ्या दिव्याच्या प्रयोगाचा प्रारंभच तिच्यापासून झाला.

उंच दिव्यांचा विचार मोटार उत्पादकांनाही अपरिचित नव्हता. १९७१ च्या ओल्ड्समोबाइल टोरोनॅडो या मोटारीत मागील काचेखाली दोन जादा ब्रेकदिवे दिलेले होते. परंतु ती एखाद्या मोटारीची शोभा होती. सर्वांसाठीचा नियम नव्हता. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने टॅक्सी आणि टेलिफोन कंपनीच्या मोटारी यांवर मोठ्या प्रमाणावर चाचण्या घडवून आणल्या. त्यांत मध्यभागी, उंचावर बसविलेला एक स्थिर तांबडा दिवा निवडण्यात आला. पुढचे वाहन ब्रेक लावीत असताना मागून बसणाऱ्या धडका या दिव्यामुळे जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्यासंबंधीचा नियम जाहीर झाला आणि १ सप्टेंबर १९८५ पासून अमेरिकेत तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीस हा दिवा सक्तीचा झाला. १ सप्टेंबर १९९३ पासून हलक्या मालमोटारींनाही तो लागू झाला. युरोपीय देशांनीही पुढे हीच वाट धरली.

प्रयोगातील यश आणि रस्त्यावरील यश

सार्वजनिक उपाययोजनांचा अभ्यास करणाऱ्यास या कथेचा पुढील भाग अधिक उद्बोधक वाटेल. नियम लागू झाल्यानंतर अमेरिकन प्रशासनाने आपल्याच निर्णयाचे पुन्हा पुन्हा मूल्यमापन केले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, १९८७ मध्ये तिसऱ्या दिव्यामुळे पाठीमागून बसणाऱ्या धडका ८.५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या; पण पुढे हे प्रमाण घटत जाऊन १९८९ ते १९९५ या काळात ४.३ टक्क्यांवर स्थिरावले.

प्रयोगात निम्मी घट आणि प्रत्यक्षात चार टक्के, हे कसे? याची दोन कारणे दिसतात. पहिले हिशेबाच्या पद्धतीचे आहे. चाचण्यांमध्ये, पुढचे वाहन ब्रेक लावीत असतानाच्या धडकाच मोजल्या होत्या. नंतरच्या अभ्यासात पाठीमागून बसलेल्या सर्व धडका धरल्या गेल्या, आणि उभ्या वाहनावर आदळणाऱ्याला ब्रेकदिव्याचा उपयोग नसतो. दुसरे कारण मानवी स्वभावाचे. हजारो मोटारींत एखादीच तीन दिव्यांची असते तेव्हा ती नजर वेधून घेते. सर्वच मोटारी तीन दिव्यांच्या झाल्या की डोळा सरावतो आणि नवेपणाचा लाभ ओसरतो.

तरीही हा उपाय फसला असे मानण्याचे कारण नाही. दिव्याची किंमत अत्यल्प आहे आणि तो गाडीच्या पूर्ण आयुष्यभर काम करतो. लाखो मोटारींच्या देशात चार टक्के घट म्हणजे दरवर्षी टळलेल्या हजारो धडका. खर्चाच्या तुलनेत लाभ कितीतरी अधिक आहे, असाच त्या मूल्यमापनाचा निष्कर्ष होता. धडा एवढाच की, लहान प्रयोगातील आकडा जसाच्या तसा योजनेच्या उद्दिष्टात लिहू नये, आणि अंमलबजावणीनंतरची मोजणी टाळू नये.

उघडझाप करणारा की स्थिर?

सरावलेल्या डोळ्याला पुन्हा जागे करण्यासाठी दिवा लुकलुकता ठेवावा, ही कल्पना त्यामुळेच वारंवार पुढे येते. तिच्यात तथ्य आहे. नजरेच्या कडेला असलेली वस्तू माणसाला स्पष्ट दिसत नाही, पण तिच्यातील हालचाल आणि उघडझाप मात्र चटकन जाणवते. आरशाकडे किंवा बाजूच्या दुकानाकडे पाहणाऱ्या चालकाचे लक्ष लुकलुकता दिवा पुढे खेचून आणू शकतो.

परंतु आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. रस्त्यावर उघडझापीला आधीच ठरलेले अर्थ आहेत. एका बाजूचा नारिंगी दिवा लुकलुकला तर वळण, दोन्ही लुकलुकले तर संकट, छतावरचा लुकलुकला तर रुग्णवाहिका किंवा पोलीस. त्यांत प्रत्येकाने आपापल्या आवडीची भर घातली तर अर्थांचा गोंधळ होईल. शहरातील कोंडीत दर दहा पावलांवर ब्रेक दाबावा लागतो. तेथे शेकडो दिवे एकसारखे लुकलुकू लागले तर मागच्या चालकांचे डोळे दिपतील आणि शिणतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किरकोळ ब्रेकलाही जो दिवा ओरडतो त्याच्याकडे खऱ्या संकटात कोणी लक्ष देत नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट येथेही लागू पडते.

या दोन्ही बाजूंचा मेळ घालणारा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-दिवे विनियम क्रमांक ४८ मध्ये सापडतो. त्यात आणीबाणीच्या थांब्याची सूचना देण्याची एक पद्धत सांगितली आहे. प्रवासी मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक असेल आणि ब्रेक इतका जोराचा असेल की वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद याहून अधिक दराने घटत आहे, तरच दिवे उघडझाप करतात. ही उघडझाप सेकंदाला सुमारे चार वेळा होते आणि ब्रेकचा जोर ओसरताच आपोआप थांबते. नेहमीच्या ब्रेकला दिवा स्थिरच राहतो. व्होएवोडस्की यांच्या मूळ कल्पनेतील सार, म्हणजे ब्रेकच्या तीव्रतेनुसार सूचनेची तीव्रता, यात अधिक शिस्तीने उतरले आहे. अमेरिकेच्या मानकात मात्र ब्रेकदिवा स्थिर जळणाराच असावा अशी अट ठेवलेली आहे. बाजारात मिळणारी स्वस्त उघडझाप-यंत्रे वेग पाहत नाहीत आणि ब्रेकचा जोरही मोजत नाहीत. ब्रेकला पाय लागला की ती लुकलुकतात. कारखान्यातून आलेली आणीबाणीची सोय आणि ही जोडयंत्रे एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

आपल्याकडील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये थांबण्याचा इरादा दर्शविणारा विजेचा दिवा वाहनाच्या मागे असला पाहिजे, तो तांबडा असला पाहिजे आणि ब्रेक कार्यान्वित होताच लागला पाहिजे. वाहनाच्या मागील बाजूस, वळणाचा इंडिकेटर किंवा मागे जाण्याचा पांढरा दिवा असे ठरलेले अपवाद सोडल्यास, तांबड्याखेरीज अन्य रंगाचा दिवा दाखविण्यास मनाई आहे. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सीवरील नारिंगी दिवा आपल्या रस्त्यावर कोणी हौसेने लावू म्हणेल, तर ते नियमबाह्य ठरेल. निळे, हिरवे किंवा रंग बदलणारे दिवे तर उघडच निषिद्ध होत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे फेरफारही करता येत नाहीत.

यावरून व्यवहारी निष्कर्ष असा निघतो. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींत तिसरा दिवा मुळातच असतो. तो चालू स्थितीत ठेवणे एवढेच मालकाचे काम. जुन्या मोटारीत तो नसेल, तर स्थिर, तांबडा आणि ब्रेकलाच जोडलेला दिवा घेण्याचा विचार करावा आणि बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. उघडझाप करणारा जोडदिवा मात्र टाळणेच श्रेयस्कर.

दिवा बसविताना

ब्रेकच्या पायट्याजवळ एक लहान स्विच असतो. पाय पडताच तो जोडला जातो आणि मागील दिव्यांना वीज मिळते. तिसऱ्या दिव्याची तार या स्विचकडून येणाऱ्या तारेलाच जोडली पाहिजे. ती चुकून रात्रीच्या मागील दिव्याला जोडली गेली, तर दिवा रात्रभर लागून राहील आणि त्याचा मूळ हेतूच नष्ट होईल.

जुन्या मोटारींत ब्रेकचा प्रत्येक बल्ब सामान्यतः २१ वॅटचा असतो. बारा व्होल्टच्या विजेवर तो सुमारे १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. दोन बल्ब मिळून ३.५ अँपिअर. तिसराही तसाच बल्ब लावला तर हा भार ५.२५ अँपिअर होतो, म्हणजे दीडपट. जुनी तार, जुना स्विच आणि फ्यूज यांना तो सोसेल का, हे पाहणे आवश्यक असते. एलईडी दिवा अगदी थोडी वीज घेतो, म्हणून भाराच्या दृष्टीने तो सोयीचा. त्याचा आणखी एक गुण आहे. तारेच्या बल्बला तापून पूर्ण उजळण्यास सुमारे पंचमांश सेकंद लागतो. एलईडी जवळजवळ तत्काळ उजळतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे पाच मीटर.

दिवा मोटारीच्या बरोबर मध्यरेषेवर, मागील काचेच्या वरच्या किंवा खालच्या कडेला असावा. काचेच्या आत बसविल्यास त्याचा प्रकाश आतच परावर्तित होऊन चालकाच्या आरशात येणार नाही याची काळजी घ्यावी. मागील फळीवर ठेवलेल्या उशा, पिशव्या, शोभेच्या वस्तू यांनी तो झाकला जाऊ नये. नव्या मोटारींत तारांचे जाळे संगणकीय नियंत्रणाखाली असते. तेथे तार कापून जोड देणे धोक्याचे असून हमीही रद्द होऊ शकते. असे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे आणि जोडणीत फ्यूज असल्याची खात्री करावी.

दिव्याच्या मर्यादा

ब्रेकदिवा पायट्यावरील पाय पाहतो. गाडीचा वेग पाहत नाही. घाट उतरताना अनुभवी चालक गिअर खालचा टाकून इंजिनाच्या आधाराने वेग रोखतो. ही पद्धत उत्तमच, परंतु त्या वेळी गाडी मंदावत असूनही दिवा लागत नाही. अशा वेळी ब्रेकला हलकेच पाय लावून मागच्याला सूचना देणे शहाणपणाचे. मागच्या चालकानेही दिवा नाही म्हणजे वेग कायम आहे, असे समजू नये.

उभे वाहनही ब्रेकदिवा दाखवीत नाही. बिघडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या मालमोटारीवर मागून येणारे वाहन आदळते, तेथे उपाय निराळे आहेत : चारही इंडिकेटर चालू करणे, परावर्तक त्रिकोण पुरेसा मागे ठेवणे आणि शक्य तितक्या लवकर वाहन रस्त्याच्या कडेला घेणे.

आणि दिवा कितीही चांगला असला तरी तो अंतराची जागा घेऊ शकत नाही. २०१७ च्या मोटार वाहने वाहनचालन विनियमांत पुढील वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल एवढे अंतर राखण्याचे कर्तव्य मागील चालकावर घातले आहे, आणि सुरक्षिततेच्या कारणावाचून अचानक ब्रेक लावण्यासही मनाई केली आहे. पुढील वाहनाने एखादा खांब ओलांडल्यावर सावकाश दोन सेकंद मोजावेत. तोपर्यंत आपले वाहन त्या खांबाशी पोहोचू नये, हा हिशेब सोपा आहे. पावसात हे अंतर दुप्पट करावे.

गावच्या रस्त्यावर

ग्रामीण भागात हा विषय मोटारीपुरता मर्यादित राहत नाही. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री कारखान्याच्या वाटेवर असतात. मोळ्या मागे लोंबत असतात, त्यांच्याआड मागील दिवा दिसत नाही. पुष्कळदा ट्रॉलीच्या दिव्याची तारच ट्रॅक्टरला जोडलेली नसते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला अंधारात पुढे काही आहे हेच कळत नाही. ज्या रस्त्यावर पहिल्या दोन दिव्यांचीच वानवा आहे, तेथे तिसऱ्याची चर्चा पोकळ ठरेल. प्रथम ट्रॉलीला चालू मागील दिवा, तांबडे परावर्तक आणि परावर्तक पट्टी यांची जोड मिळाली पाहिजे. बैलगाडीच्या मागेही अशी पट्टी लावता येते. तिला वीज लागत नाही आणि मागून येणाऱ्या हेडलाइटच्या प्रकाशात ती दुरून चमकते.

पंचायत सदस्यांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॉलीमालकांची सभा घेऊन, कारखाना व परिवहन कार्यालय यांच्या साहाय्याने, दिवे व परावर्तक तपासण्याचा एक दिवस ठरविता येईल. शासकीय कार्यालयांतील वाहनांची तपासणी तर अधिकाऱ्यांच्या हातचीच आहे. सकाळी वाहन बाहेर काढताना चालकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्या कोणी मागे उभे राहून दिवे पाहावेत. एकटा चालक भिंतीवर पडणारा प्रकाश पाहूनही हे करू शकतो. मागील दिवा विझला तर चालकाला तो स्वतः कधीच दिसत नाही. म्हणूनच दुसऱ्याने पाहण्याची ही सवय लावून घ्यावी लागते.

शिक्षकांना हा विषय विज्ञानाच्या तासाला घेता येईल. एका विद्यार्थ्याने फूटपट्टी उभी धरून अचानक सोडावी आणि दुसऱ्याने खाली उघडी ठेवलेली बोटे मिटून ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२ सेकंद गेले, असा हिशेब मुक्त पतनाच्या सूत्रावरून निघतो. मग तीच मुले शेजाऱ्याशी बोलत असताना प्रयोग पुन्हा करावा. पट्टी किती अधिक घसरते हे पाहिल्यावर, वाहन चालविताना भ्रमणध्वनीवर का बोलू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर शाळेच्या पटांगणात ६० मीटर अंतर पावलांनी मोजून दाखवावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास एवढी जागा लागते, हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी रस्ता ओलांडताना ते सहसा विसरणार नाही.

तिसरा ब्रेकदिवा मागच्या चालकाला सेकंदाचा एखादा अंश मिळवून देतो. तो अंश उपयोगी पडण्यासाठी मागच्याने अंतर राखलेले असले पाहिजे, त्याचे लक्ष रस्त्यावर असले पाहिजे आणि पुढच्याचा दिवा चालू असला पाहिजे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. तिसरीला लागतो तो फार तर एका बल्बचा. एवढी दक्षता प्रत्येक वाहनधारकाने घेतली, तर अनेक घरांतील माणसे संध्याकाळी सुखरूप घरी परततील.